ऊन येईपर्यंत

पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा आत्याचे गुडघे शाबूत होते आणि दादाचे डोळे. त्याला आता अकरा वर्षं झाली. गावामागच्या टेकडीवरची तीनशे बारा फुलं, पाखरं आणि फुलपाखरं मधल्या काळात चार जाड वह्यांत उतरली, आणि त्या बदल्यात टेकडीने भावाबहिणीकडून जे घ्यायचं ते वसूल केलं. आत्याला जिना उतरताना कठडा धरावा लागे. दादाला चष्म्याशिवाय समोरची चिमणी आणि वीट सारखीच दिसे. पुस्तक मात्र अजून निघायचंच होतं. नमनालाच घडाभर तेल, अशी गत.

ती खरं म्हणजे एकाच पोरीची आत्या, दादाच्या लेकीची. पण ती पोर लहानपणी फाटकातून इतक्या खणखणीत हाका मारायची की गल्लीने तेच नाव उचललं आणि पुढे बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेतसुद्धा साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणू लागले. तीस वर्षं तिने तिथे भिंगाखाली बिया निवडल्या, गवताची कोणती, तणाची कोणती. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, वेळ झाला नाही. दादा घड्याळजी होता. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करण्यात त्याचा जन्म गेला. अशी दोन माणसं एका घरात जन्मली तर त्यांच्या हातून असलंच काहीतरी पुस्तक व्हायचं, दुसरं काय होणार?

कामाची वाटणी पहिल्या दिवशीच झाली होती. फुलं तिची, पंख त्याचे. फोटो दोघं काढत, पण झाडाचं नाव ती सांगणार आणि पाखरू-फुलपाखरू तो ओळखणार, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत नाक खुपसायचं नाही. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर दादाने बारीक अक्षरात नियम लिहिले होते. टेकडीवरचं तेच घ्यायचं. ओढ्यापलीकडचं ते ओढ्यापलीकडचं. फोटो नाही तर पाहिलं नाही. शंका असेल तर प्रश्नचिन्ह घालावं, लाजू नये. पहिला नियम तर त्याने इतका कडक पाळला की आयुष्यातला सर्वांत सुरेख घुबडाचा फोटो केवळ दहा पावलं ओढ्यापलीकडचा म्हणून स्वतःच्या हाताने बाद केला होता.

न लिहिलेला एक नियम घरात त्याच्याही आधीपासून होता. दादाच्या डोळ्याला कॅमेरा असला की हाक मारायची नाही. भाची सात वर्षांची असताना तिने एकदा मागून "बाबा, जेवायला" म्हणून आरोळी ठोकली आणि दादा दोन तास ज्याची वाट बघत होता ते पाखरू उडालं. तो ओरडला नाही, हात उगारला नाही. फक्त संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. वहिनीने पोरीला जवळ घेऊन शिकवलं, की बाबांच्या मागे जाऊन गप्प उभं राहायचं, ते कॅमेरा खाली घेतील तेव्हा बोलायचं. पोर शहाणी, एकदा सांगितलेलं कायमचं लक्षात ठेवणारी. त्यानंतर तिच्या हाका गल्लीला ऐकू आल्या नाहीत.

आता ती भाची छत्तिशीची होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि एका छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचं काम करत होती. टेकडीचं पुस्तकही तीच लावत होती, पण आत्यासाठी. बापाशी तिचं बोलणं तीन शब्दांवर आलं होतं: हो, नाही, बरं. त्याला कारण होतं आणि ते सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. आठ वर्षांपूर्वी वहिनीने इस्पितळात प्राण सोडला तेव्हा दादा टेकडीवर फुलपाखराचे फोटो काढत होता.

हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. त्या दिवशी आत्या प्रयोगशाळेतून धावतपळत पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. वहिनीच्या उशाशी भाची एकटी बसलेली आणि दादा व्हरांड्यात, खांद्याला कॅमेरा अडकवून, भिंतीला पाठ लावून उभा. चार नातेवाइकांदेखत आत्याने विचारलं, "कुठे होतास?" दादा थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "टेकडीवर." सकाळी तिने त्याच्या हातात चहाचा थर्मास भरून दिला होता, इस्पितळात दोघा-तिघांना होईल म्हणून. तो थर्मास संध्याकाळी तस्साच भरलेला परत आला. मग कोणी काही बोलायचं ठेवलं नाही. बायको शेवटच्या घटका मोजतेय आणि हा फुलपाखरांमागे हुंदडतोय, हे वाक्य तेराव्या दिवसापर्यंत शंभर तोंडांतून फिरलं. त्यातलं एक तोंड आत्याचंही होतं.

महिन्याभराने तिनेच त्याचा कॅमेरा उघडला. बोटभर पडद्यावर, अगदी जवळून घेतलेलं, एक नखाएवढं निळं फुलपाखरू होतं, पंख मिटून बसलेलं, खालच्या बाजूचे सगळे ठिपके मोजता येतील इतकं स्वच्छ. असं फुलपाखरू टेकडीवर कधी दिसलं नव्हतं. "हेच का ते?" तिने विचारलं. दादाने मान हलवली. तिने वहीत आपल्या हाताने नोंद केली. क्रमांक दोनशे सात. ठिपक्यांचं निळं. टेकडी, पूर्वेचा उतार, घाणेरीवर. घाणेरीवर हे दादाच म्हणाला आणि तिने लिहिलं. फोटो पंखांचा होता, म्हणजे त्याच्या हद्दीतला; बाकीचे तिने उघडलेही नाहीत. दादाने त्यातला फुलपाखरापुरता तुकडा कापून दिला, तोच वहीत डकवला गेला, तोच पुढे टेकडीच्या पायथ्याच्या फलकावर लागला, आणि तोच आता पुस्तकाच्या कव्हरवर येणार होता.

शनिवारी भाचीचा फोन आला.

"आत्या, कव्हरचा फोटो फुटतोय. तुकडा लहान आहे, मोठा केला की ठिपक्यांच्या जागी चौकोन दिसतात. मूळ फोटो असेल ना?"

"असेल दादाच्या कार्डांत."

"तूच विचार त्यांना," भाची म्हणाली. "सोमवारपर्यंत पाहिजे. मंगळवारी मशीनवर चढतंय."

दादाला विचारायची गरज नव्हती. डोळे अधू झाल्यावर त्याने कॅमेऱ्याची जुनी कार्डं घड्याळाच्या सुट्या भागांच्या पत्र्याच्या डबीत भरून तिच्याकडेच आणून टाकली होती. रविवारी सकाळी आत्याने चहा घेतला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि डबी टेबलावर उपडी केली. प्रत्येक कार्डाला दादाने दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधलेली होती. एकाच कार्डाला चिठ्ठी नव्हती. तेच निघालं.

एकेचाळीस फोटो होते, एक सोडता सगळे त्या एकाच फुलपाखराचे. आत्याला पहिल्यांदा दिसलं ते फुलपाखरू नव्हे. तिची नजर सवयीने झाडावर गेली.

घाणेरी होती खरी. पण टेकडीवरची घाणेरी केशरी-गुलाबी, दोन रंगांचे झुबके, दांड्याला काटे आणि पुरुषभर उंच. ही सरपटणारी होती. पानं बारीक, दांडा गुळगुळीत, झुबके सगळे एकरंगी जांभळे. ही घाणेरी रानात उगवत नाही. ती रोपवाटिकेतून आणतात आणि वाफ्याच्या कडेला लावतात. प्रयोगशाळेतल्या कोणत्याही पोराने अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं.

तिने पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा. सातव्यात कॅमेरा जरा हलला होता आणि कोपऱ्यात तिरप्या विटांची ओळ आली होती, एक पांढरी, एक हिरवी. त्या विटांच्या शेजारच्या बाकावर आत्याने तीन आठवडे दुपारचे डबे खाल्ले होते. इस्पितळाची बाग. आणि विटांवर, अर्धा फोटोत आणि अर्धा फोटोबाहेर, लाल झाकणाचा थर्मास.

मग तिने फोटोंखालच्या वेळा वाचल्या. पहिला बारा वाजून अकरा मिनिटांचा. शेवटचा बारा एक्कावन्नचा, आणि त्यात फुलपाखरू नव्हतंच, नुसतं ऊन पडलेलं फूल होतं. वहिनी गेली ती बारा पस्तीसला. दाखल्यावरची वेळ आत्याला तोंडपाठ होती, कारण तो दाखला तिनेच आणला होता. बारा पस्तीसचाही एक फोटो होता. चांगला होता. सगळे ठिपके दिसत होते.

आधी तिला राग आला तो वहिनीसाठी नव्हे, स्वतःच्या गुडघ्यांसाठी. हे कबूल करायला तिला लाज वाटली, पण आला तो असा. त्या फुलपाखराचा दुसरा फोटो मिळावा म्हणून ती सहा वर्षं, दर हंगामात, पूर्वेचा उतार चढली होती. दुपारच्या उन्हात घाणेरीच्या जाळ्या काट्यांसकट उचकल्या होत्या. त्याच उतारावर पाय घसरून उजवा गुडघा गेला तो गेलाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो कळसा पत्र्याच्या डबीत होता आणि डबी तिच्याच कपाटात.

दुसरा विचार आला तो भाचीचा. हा फोटो मोठा करून तिच्यासमोर ठेवला तर थर्मास तिला पहिला दिसेल. बाप तासाभराच्या अंतरावर नव्हता, जिन्याखाली होता. तीन शब्दांचं बोलणं आहे तेही जाईल. आणि कार्ड हरवलं म्हणून सांगितलं तर? मग मंगळवारी दोनशे सात नंबर टेकडीचा म्हणून छापला जाईल, दोन हजार प्रतींवर, आणि ज्याने स्वतःचं घुबड बाद केलं त्याच्या नावाने.

दुपारी ती दादाकडे गेली.

दादा गॅलरीत बसला होता. मांडीवर कॅमेरा, शेजारी स्टुलावर डोळ्यांत घालायचे थेंब. घर स्वच्छ होतं, एकट्या माणसाचं असतं तसं, एक ताट, एक पेला. आत्याने थेंबांची चौकशी केली. पाण्याच्या टाकीची केली. शेजारच्या नव्या बिऱ्हाडाची केली.

"धाकटे," दादा म्हणाला, "ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. काय झालं?"

"कव्हरसाठी मूळ फोटो हवा होता. कार्ड उघडलं मी."

दादाने कॅमेऱ्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी? सहा वर्षं मी त्या उतारावर झाडं उचकत होते, दादा. तू मागून पाण्याची बाटली घेऊन येत होतास."

"तू जाणार म्हटल्यावर तुला एकटीला कसं सोडायचं?"

आत्या खुर्चीत बसली आणि तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला. मग दादाच बोलला, घड्याळ दुरुस्त झाल्यावर गिऱ्हाइकाला काय बिघडलं होतं ते सांगायचा त्या आवाजात.

"मी दहाला पोचलो. वर गेलो, दारापर्यंत. डॉक्टरने दारातच धरलं. म्हणाला, आजचा दिवस, कदाचित दुपारही नाही. आत पोरगी तिचे हात पुसत होती, मला पाठमोरी दिसली. मी म्हटलं, पाच मिनिटं खाली जाऊन येतो. थोडी हवा खातो आणि येतो. दोन तास त्या बाकावर बसलो, धाकटे. उठताच येईना. मग ते फुलपाखरू आलं."

"आणि तू फोटो काढत बसलास."

"ढग होते. ऊन नसलं की ते उडत नाही, पंख मिटून बसून राहतं. मी मनाशी म्हटलं, ऊन आलं की हे उडेल, हे उडालं की मी वर जाईन. ऊन येईपर्यंत फक्त." त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "चाळीस मिनिटं ऊन आलं नाही. एरवी त्या महिन्यात डोकं फुटेल असं ऊन असतं."

"मग टेकडी कशाला सांगितलीस?"

"तू विचारलंस सगळ्यांसमोर. टेकडीवर होतो म्हटलं की लोक शिव्या घालतात, छंदिष्ट आहे, बेपर्वा आहे. घालू देत. टेकडीवरून यायला तास लागतो, निरोप गेला असता तरी पोचलो नसतो. बागेतून वर जायला अठ्ठेचाळीस पायऱ्या आहेत. ते कोणाला सांगू?"

आत्याला त्याला बोलायचं होतं, चांगलं खरमरीत. आठ वर्षांचं साठलेलं होतं. पण समोर एक म्हातारा बसला होता आणि त्याचा एक मोजा उलटा घातलेला होता. त्या व्हरांड्यात, चारचौघांत, तो प्रश्न तिनेच विचारला होता. बाजूला नेऊन विचारला असता तर?

"वही आणलीयस?" दादाने विचारलं.

तिने आणली होती. त्याने पान डोळ्याशी नेलं, दोनशे सात शोधला आणि पट्टी धरून नोंदीवर सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: इस्पितळाची बाग, जिन्याखाली. लावलेल्या घाणेरीवर. दुपारी बारा अकरा ते बारा एक्कावन्न. टेकडीवर नाही. अक्षर वाकडंतिकडं आलं. त्याखाली त्याने सही केली, जी वहीत आजवर कोणीच कुठे केली नव्हती.

"पोरीला नेऊन दाखव," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."

"काय म्हणेल ती?"

"म्हणेल, बरं. दुसरं काय म्हणते?"

सोमवारी आत्या वही आणि कार्ड घेऊन छापखान्यात गेली. भाचीची खोली मशीनच्या मागच्या अंगाला होती. टेबलाला बारीक थरथर होती आणि सगळीकडे शाईचा नि ताज्या कागदाचा वास. भिंतीवर टेकडीच्या पुस्तकाची पानं चिकटवलेली. आत्याने कार्ड तिच्या हातात दिलं आणि स्टुलावर बसली. सांगायला काय काय जुळवून आणलं होतं, पण तिने फक्त वही उघडून रेघ मारलेलं पान पुढे केलं.

भाचीने वाचलं. मग कार्ड लावलं आणि फोटो एकामागून एक पुढे नेत राहिली. सातव्याशी थांबली.

"थर्मास," ती म्हणाली.

"हो."

"लाल झाकणाचा. तुझा."

"हो गं."

मशीन थांबली आणि परत सुरू झाली. भाची रडली नाही, रागावली नाही. तिने खुर्ची टेबलापासून जरा मागे घेतली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

आत्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मी पाहिलं होतं त्यांना. आई मधूनच जागी झाली आणि म्हणाली, आले का गं हे? मी खिडकीशी गेले. तिसऱ्या मजल्यावरून खाली बाग सगळी दिसते. बाबा वाफ्याशी गुडघ्यावर बसले होते, डोळ्याला कॅमेरा. मी आईला म्हटलं, खाली आहेत, फोटो काढतायत. थांब, हाक मारते."

"मग?"

"आई म्हणाली, कसला? मी म्हटलं, बघतायत त्यावरून फुलपाखरू असेल. तर म्हणते, मग राहू दे. हाक मारू नकोस, उडेल ते."

भाची पडद्यावरच्या फोटोकडे बघत होती.

"मी नाही मारली, आत्या. खिडकी उघडी होती. एक हाक पुरली असती. पण सवय. सात वर्षांची असल्यापासूनची सवय. मी आईजवळ येऊन बसले आणि म्हटलं, कॅमेरा खाली घेतला की सांगते. तिने डोळे मिटले. तेवढ्यात संपलं सगळं."

"अगं, मग इतकी वर्षं…"

"तू विचारलंस तेव्हा ते म्हणाले, टेकडीवर. माझ्याकडे न बघता म्हणाले. आणि मला बरं वाटलं." तिने वही मिटली. "टेकडीवरच्या माणसाला खिडकीतून हाक ऐकू येत नाही. माझ्यावरचं सगळं गेलं. मग त्यांच्याशी बोलायची भीती वाटायला लागली. बोलायला बसलो असतो तर तेवढंच बोलावं लागलं असतं. म्हणून हो, नाही, बरं."

आत्याला वाटलं, आपल्या घराण्याइतकी मूर्ख माणसं कुठे मिळायची नाहीत. नखाएवढ्या फुलपाखराचे ठिपके मोजतील, दहा पावलांवरून घुबड बाद करतील, आणि आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं कोणाला ओळखता येईल तर शपथ. यात तीही आलीच. तिने भाचीचा हात धरला. बाहेर कोणाचं तरी लग्नाचं कार्ड छापून होत होतं.

"हा फोटो पुस्तकात बसत नाही मग," भाचीने डोळे पुसून म्हटलं.

"नाही. तीनशे अकरा कर. आणि कव्हरला टेकडीवरची घाणेरी टाक. काट्यांची."

"ती तर सगळीकडे असते. कोण बघणार?"

"मी बघेन."

भाचीने आकडा बदलला. मग कार्ड काढून आत्याच्या हातात ठेवलं, ते परत मागून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

"बाबा आत्ता कुठे असतील?"

"असतील गॅलरीत. डोळ्याला कॅमेरा लावून. दिसत काही नाही, पण लावतो."

उन्हं उतरायला लागली होती. भाचीची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून दोघी चालत निघाल्या, आत्याच्या गुडघ्याच्या बेताने. फाटकाशी पोचल्या तर दादा खरंच गॅलरीच्या कठड्याला कोपर टेकून उभा होता आणि समोरच्या विजेच्या तारेवर एक पाखरू बसलं होतं. मैना होती, रोजची. तिचे फोटो वहीत पन्नास असतील. तरी दादाने श्वास रोखला होता, पाठ ताठ केली होती.

आत्याचे पाय आपोआप थांबले. भाचीचेही. दोघी फाटकापाशी गप्प उभ्या राहिल्या, शिकवल्याप्रमाणे, तो कॅमेरा खाली घेईल म्हणून. मिनिट गेलं असेल. मग आत्याने पाहिलं की भाचीने फाटकाचा गज घट्ट धरला आहे.

"बाबा," तिने हाक मारली. खणखणीत, लहानपणी मारायची तशी. शेजारच्या बिऱ्हाडातली बाई खिडकीत आली.

मैना उडाली. दादाने कॅमेरा खाली घेतला. इतक्या लांबून फाटकातलं माणूस त्याला दिसणं शक्य नव्हतं. त्याने डोळे किलकिले करून आवाजाच्या दिशेने पाहिलं आणि कठडा चाचपत जिन्याकडे वळला.

"आलो," तो म्हणाला. "आलो गं, आलो."